विंडोतली रेघ कधी उमटते, कधी गायब होते: ड्रायव्हरआधी काढण्याची जागा तपासा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सी++ मध्ये थेट विंडोज एपीआय वापरून तुम्ही एक प्रोग्राम लिहिला आहे. त्यातला एक वेगळा थ्रेड (मुख्य कामाला समांतर चालणारा भाग) फाइलमधून आकडे वाचतो, गेटडीसी करून विंडोचा डीसी (डिव्हाइस कॉन्टेक्स्ट, म्हणजे चित्र काढण्यासाठी विंडोज देतो ते साधन) घेतो आणि आलेखाची रेघ तिथल्या तिथे काढतो. प्रोग्राम सुरू केला की कधी आलेख दिसतो, कधी नुसतीच पांढरी विंडो. थ्रेडच्या सुरुवातीला स्लीप(100), म्हणजे 100 मिलिसेकंदांची विश्रांती, टाकले की बहुतेक वेळा दिसतो, पण दर वेळी नाही. विंडो मिनिमाइज करून परत आणली की सगळे पुसलेले. इनव्हॅलिडेटरेक्ट (‘हा भाग पुन्हा काढायचा’ अशी नोंद करणारे फंक्शन) टाकून पाहिले, तर आलेख क्षणभर दिसून नाहीसा होतो. मित्राच्या संगणकावर हाच प्रोग्राम बरा चालतो, म्हणून तुमचा संशय ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर आहे.

ड्रायव्हर सध्या बाजूला ठेवा. ड्रायव्हर बिघडला तर त्याचा त्रास इतर प्रोग्रामनाही होतो. तुमच्याकडे ब्राउझर नीट दिसतो, एडिटर नीट दिसतो, फक्त तुमची रेघ जाते. शिवाय तुम्ही दिलेली चारही लक्षणे एकाच ठिकाणी बोट दाखवतात: रेघ चुकीच्या वेळी, चुकीच्या जागेवरून काढली जाते आहे.

मूळ अडचण अशी की आपण विंडोला कागद समजतो. कागदावर एकदा रेघ ओढली की ती राहते. विंडोचे तसे नाही. तुम्ही काढलेली रेघ लक्षात ठेवण्याची जबाबदारी विंडोजने घेतलेलीच नाही. त्याने घेतलेली जबाबदारी एवढीच: विंडोचा एखादा भाग पुन्हा काढायची गरज पडली की तो तुम्हाला डब्ल्यूएम-पेंट हा मेसेज पाठवून सांगणार, ‘हा भाग आता काढून दे.’ तो मेसेज आल्यावर तुम्ही काही काढले नाही, तर विंडोज तुमच्या वतीने एवढेच करतो की विंडो क्लासमध्ये, म्हणजे विंडो बनवण्याआधी नोंदवलेल्या तिच्या वर्णनात, दिलेल्या ब्रशने पार्श्वभूमी रंगवून टाकतो. तुमचा ब्रश पांढरा आहे, म्हणून विंडो पांढरी होते.

आता तुमचा प्रोग्राम सुरू होतानाचा एक क्षण जवळून पाहू. मुख्य थ्रेड विंडो दाखवतो आणि मेसेज लूपमध्ये, म्हणजे रांगेतले मेसेज एकेक करून घेणाऱ्या चक्रात, शिरतो. विंडो नुकतीच दिसू लागल्यामुळे तिचा सगळा भाग ‘काढायचा बाकी’ असतो. डब्ल्यूएम-पेंट हा मेसेज रांगेत सर्वांत मागे असतो. दुसरे मेसेज संपले की मगच तो हातात येतो. त्याच वेळी तुमचा दुसरा थ्रेड फाइल उघडून आकडे वाचतो आहे. फाइल छोटी असेल, डिस्कवरून आधीच वाचलेली असेल, तर तो थ्रेड चटकन रेघ काढून मोकळा होतो. मागून मुख्य थ्रेडचा पहिला पेंट येतो आणि डेफविंडोप्रॉक, म्हणजे तुम्ही न हाताळलेले मेसेज सांभाळणारे विंडोजचे फंक्शन, पांढरा रंग फासते. रेघ गेली. उलट वाचायला वेळ लागला, तर आधी पांढरा रंग पडतो आणि त्यावर रेघ येते. रेघ दिसली. दोन थ्रेडांची ही शर्यत आहे आणि स्लीप(100) तुमच्या थ्रेडला शर्यतीत मुद्दाम मागे ठेवतो. मशीनवर दुसरे जड काम चालू असेल त्या दिवशी मुख्य थ्रेडला 100 मिलिसेकंद पुरत नाहीत आणि विंडो पुन्हा पांढरी होते. मित्राच्या संगणकावर शर्यतीचा निकाल वेगळा लागतो, इतकेच.

मिनिमाइज करून परत आणल्यावर नवा पेंट येतो, म्हणून पुसले जाते. इनव्हॅलिडेटरेक्टने तर तुम्ही स्वतःच पेंट मागवता. तिसरा पॅरामीटर ट्रू असला तर पार्श्वभूमीही पुसायला सांगता, आणि मग काढणारे कोणीच नसते.

स्लीपविषयी थोडे अधिक बोलतो, कारण यात चांगले प्रोग्रामरही अडकलेले मी पाहिले आहेत. वेळ पुढेमागे केल्याने दोष लपत असेल, तर तो क्रमाचा दोष आहे असे मी धरून चालतो आणि तो स्लीप त्याच दिवशी काढून टाकतो. ठेवला तर तीन महिन्यांनी कोणीतरी 100 चे 300 करतो, मग 500, आणि मूळ चूक कायम राहते.

परिस्थितीवर अवलंबून असणारी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जुन्या लेखांत सल्ला असतो की दुसरी विंडो वरून फिरवून पाहा, चित्र पुसले गेले तर पेंटची चूक. विंडोज एक्सपीपर्यंत ही चाचणी अचूक होती. व्हिस्टापासून डेस्कटॉप कम्पोझिशन आले. प्रत्येक विंडोचे चित्र वेगळ्या पृष्ठभागावर ठेवले जाते आणि नंतर एकत्र करून पडद्यावर येते. त्यामुळे वरून दुसरी विंडो गेली तरी खालच्या विंडोला सहसा पेंट येत नाही. विंडोज 8 पासून ही सोय बंदच करता येत नाही. म्हणजे तुमच्यासारखा दोष आज पूर्वीपेक्षा जास्त काळ लपून राहतो. आज चाचणी घ्यायची तर मिनिमाइज करून परत आणा, आणि कडा धरून विंडो लहान-मोठी करा.

आता दुरुस्ती. तिचा गाभा एका वाक्यात मावतो: थ्रेडने आकडे साठवावेत, चित्र फक्त डब्ल्यूएम-पेंटमध्ये काढावे. थ्रेडमधली गेटडीसी, मूव्हटू, लाइनटू या सगळ्या ओळी काढून टाका. त्या जागी वाचलेले आकडे एका व्हेक्टरमध्ये (वाढत जाणाऱ्या यादीत) टाका. हा व्हेक्टर दोन्ही थ्रेड वापरणार, म्हणून त्याला लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप, हवा. आकडा टाकून झाला की लॉक सोडा आणि मग इनव्हॅलिडेटरेक्ट करा, तिसरा पॅरामीटर फॉल्स ठेवून. हे फंक्शन दुसऱ्या थ्रेडमधून बोलावले तरी चालते. ते स्वतः काही काढत नाही, फक्त ‘हा भाग जुना झाला’ अशी नोंद करते. पेंटमध्ये लॉक घेऊन व्हेक्टरची प्रत करा, लॉक सोडा आणि निवांतपणे प्रतीवरून रेघ काढा. लॉक धरून काढत बसू नका, वाचणारा थ्रेड विनाकारण खोळंबतो.

इथे अनेकांना एक भीती वाटते: सेकंदाला 500 आकडे आले तर 500 वेळा चित्र काढावे लागेल का? नाही. पेंट रांगेत साठत जात नाहीत. मधल्या काळात कितीही वेळा इनव्हॅलिडेट केले तरी जुने झालेले भाग एकत्र होतात आणि हात मोकळा झाल्यावर एकच पेंट येतो. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकते. त्याहून घाईने काढलेले कोणाला दिसणारही नाही. नोंद करायची तुम्ही आणि कधी काढायचे ते ठरवायचे विंडोजने, ही वाटणी मला फार आवडते.

पेंटमध्ये डीसी घ्यायचा तो बिगिनपेंटने, आणि शेवटी एंडपेंट. तिथे गेटडीसी वापरू नका. ‘काढायचा बाकी’ ही नोंद बिगिनपेंटच पुसतो. तो बोलावला नाही तर विंडोजच्या दृष्टीने काम उरलेलेच असते, मग पेंट येतच राहतो आणि प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण भरून जातो. प्रोग्राम काहीच करत नसताना पंखा जोरात फिरायला लागला, तर मी सगळ्यांत आधी इथे बघतो.

एवढे केलेत की आलेख दर वेळी दिसेल. त्यानंतर दोन नव्या तक्रारी हमखास येतील, म्हणून त्या आताच सांगतो.

पहिली: विंडो मोठी केली की डावीकडे जुन्या मापाचा आलेख आणि उजवीकडच्या नव्या पट्टीत नव्या मापाचा, मधे रेघ तुटलेली. बिगिनपेंटने दिलेला डीसी फक्त ‘बाकी’ असलेल्या भागातच रंग उमटू देतो. विंडो मोठी केली तर नव्याने उघडलेली पट्टी तेवढी बाकी असते. तुम्ही नव्या रुंदीप्रमाणे सगळा आलेख काढता, पण जुन्या भागातले काढलेले गाळले जाते. विंडो क्लास नोंदवताना सीएस-एचरीड्रॉ आणि सीएस-व्हीरीड्रॉ या दोन्ही शैली द्या. मग आकार बदलला की पूर्ण विंडो बाकी धरली जाते. रुंदी-उंचीही प्रत्येक पेंटमध्ये गेटक्लायंटरेक्टने नव्याने घ्या, सुरुवातीला एकदा साठवलेली वापरू नका.

दुसरी तक्रार लुकलुकण्याची. पार्श्वभूमी आधी पांढरी होते, मग अक्ष येतात, मग रेघ. या तीन पायऱ्यांच्या मधला क्षण पडद्यावर पोचला की डोळ्याला झटका दिसतो. उपाय म्हणजे सगळे चित्र आधी स्मृतीतल्या बिटमॅपवर काढायचे आणि बिटब्लिटने एकाच वेळी विंडोवर आणायचे. डब्ल्यूएम-इरेजबीकेजीएनडी या मेसेजला काही न करता 1 परत द्यायचा, म्हणजे मधली पांढरी पायरीच जाते. मात्र मग बिटमॅपची पार्श्वभूमी भरणे तुमचे काम. ते विसरलात तर आधीच्या चित्राचे अवशेष दिसत राहतात.

या बिटमॅपपाशी एक खड्डा आहे. क्रिएटकम्पॅटिबलडीसीने स्मृतीतला डीसी केला की त्यात सुरुवातीला एक बिटमॅप असतो, 1 बाय 1 पिक्सेलचा, फक्त काळा-पांढरा. क्रिएटकम्पॅटिबलबिटमॅपला तुम्ही हा स्मृतीतला डीसी दिलात, तर तो त्याच्याशी ‘सुसंगत’ म्हणजे काळा-पांढराच बिटमॅप देतो. लाल रेघ लाल येत नाही आणि माणूस रंगाच्या कोडमध्ये दिवसभर चूक शोधत राहतो. तिथे बिगिनपेंटकडून आलेला विंडोचाच डीसी द्यायचा.

1920 बाय 1080 च्या विंडोला असा बिटमॅप साधारण 83 लाख बाइट घेतो. प्रत्येक पेंटमध्ये नवा करून टाकून दिला तरी चालते, पण मी तो एकदाच करून ठेवतो आणि डब्ल्यूएम-साइज आला की बदलतो. मिनिमाइज होताना हा मेसेज शून्य रुंदी आणि शून्य उंची घेऊन येतो. तेव्हा बिटमॅपला हात लावू नका आणि त्या शून्याने कशाला भागूही नका.

आता माझ्या कामातली एक गोष्ट, कारण ‘कधी चालते, कधी नाही’ याचे दुसरे मोठे कारण तीत आहे. मी एका ग्राहकासाठी यंत्राचे तापमान दाखवणारा प्रोग्राम लिहिला होता. दर सेकंदाला एक आकडा, दर सेकंदाला एक पेंट. पेंटमध्येच काढायचो, सगळे नियमाने. तरी तक्रार आली की सकाळी 9 ला सुरू केला की पावणेबाराच्या सुमाराला रेघेचा रंग जातो, मग चित्रातले एकेक भाग येईनासे होतात. प्रोग्राम बंद करून चालू केला की पुन्हा ठीक. वेळ ठरलेली होती आणि तिनेच मला वाट दाखवली. एका प्रोसेसला जीडीआयच्या (विंडोजच्या चित्र काढणाऱ्या भागाच्या) वस्तू, म्हणजे पेन, ब्रश, फॉन्ट, बिटमॅप वगैरे मिळून, मूळ सेटिंगप्रमाणे 10,000 पर्यंतच मिळतात. सेकंदाला एक वस्तू गळत असेल, तर 10,000 सेकंदांनी, म्हणजे 2 तास 46 मिनिटांनी, क्रिएटपेन रिकाम्या हाताने परत येतो. तसेच घडत होते. आकडा मर्यादेबाहेर नसेल तर पेंटमधून मधूनच परत फिरणारी एक ओळ मी लिहिली होती, आणि तिच्यावरच्या ओळीत पेन बनवला होता. डिलीटऑब्जेक्ट खाली राहिला होता.

तेव्हापासून पेन आणि ब्रश मी प्रोग्राम सुरू होताना एकदाच बनवतो. पेंटमध्ये बनवावेच लागले तर सी++ च्या डिस्ट्रक्टरवर सोपवतो, म्हणजे कुठूनही परत फिरलो तरी वस्तू मोकळी होते. सिलेक्टऑब्जेक्टने जुनी वस्तू परत मिळते, ती जपून ठेवा आणि काम झाल्यावर पुन्हा बसवा, मगच आपली वस्तू डिलीट करा. डीसीत बसलेली वस्तू डिलीट करायची नसते. तपासणी सोपी आहे: टास्क मॅनेजरच्या तपशीलवार यादीत जीडीआय ऑब्जेक्ट्स हा कॉलम चालू करा आणि विंडो दहा-वीस वेळा लहान-मोठी करा. आकडा थोडा वर जाऊन स्थिरावला तर ठीक. चढतच राहिला तर गळती आहे.

दोष शोधण्याच्या पद्धतीविषयी. पेंटमध्ये ब्रेकपॉइंट लावून फारसे हाती लागत नाही. थांबल्यामुळे वेळेचा क्रम बदलतो, आणि जीडीआय आज्ञा साठवून गठ्ठ्याने पाठवतो, त्यामुळे लाइनटू ओलांडून पुढे गेलात तरी रेघ लगेच दिसेल असे नाही. नीट एकेक पाऊल बघायचे असेल तर तेवढ्यापुरते जीडीआयसेटबॅचलिमिट(1) करा. पेंटमध्ये मेसेजबॉक्स तर कधीच दाखवू नका. तो आपल्या विंडोवर उघडतो आणि स्वतःचा मेसेज लूप चालवतो, त्यामुळे तुमचा पेंट पुन्हा आत शिरू शकतो. मी दोन गोष्टी करतो. पेंट किती वेळा आला याचा आकडा आउटपुटडीबगस्ट्रिंगने लिहीत राहतो. आणि बफर, म्हणजे तो स्मृतीतला बिटमॅप, तात्पुरता बाजूला ठेवून, बिगिनपेंटने भरलेल्या पेंटस्ट्रक्टमध्ये आलेला ‘बाकी’ चौकोन दर वेळी वेगळ्या फिक्या रंगाने भरतो. विंडोची कडा ओढली की रंगीत पट्ट्या पडतात आणि कोणता भाग कधी काढला गेला ते डोळ्यांसमोर येते. दहा मिनिटांच्या या उद्योगाने माझे कितीतरी तास वाचले आहेत.

आलेख पुढे सरकता ठेवायचा असेल तर मेसेज हाताळणीच्या आत फॉर लूप आणि स्लीप लावू नका. तो लूप संपेपर्यंत पेंटची पाळीच येत नाही, आणि विंडोने 5 सेकंद मेसेज घेतले नाहीत की विंडोज तिला ‘प्रतिसाद देत नाही’ असे ठरवतो. सेटटायमर लावा, टायमरमध्ये स्थिती पुढे सरकवा, इनव्हॅलिडेट करा.

तुम्ही पुढे दुसऱ्या साधनाकडे वळणार असाल तर तिथेही हेच भेटेल. जावा स्विंगमध्ये गेटग्राफिक्स घेऊन काढलेले टिकत नाही, पेंटकम्पोनंटमध्ये काढावे लागते. एक्स11 मध्ये पहिला एक्सपोज इव्हेंट येण्याआधी काढलेले हरवू शकते. ओपनजीएलमध्ये बफर बदलल्यावर मागच्या बफरमध्ये जुने चित्र असेलच असे धरता येत नाही, दर फ्रेमला सगळे काढायचे. पायथनच्या टीकेइंटरमधले चित्र गायब होणे मात्र थोडे वेगळे आहे. तिथे फोटोइमेज एखाद्या फंक्शनच्या स्थानिक चलात ठेवली असते, फंक्शन संपले की ती मोकळी होते आणि रिकामी जागा उरते. तिचा संदर्भ कुठेतरी धरून ठेवला की काम होते.

तुमच्या कोडमध्ये मी या क्रमाने हात घालीन. आधी स्लीप काढा. थ्रेडमधले काढणे काढून व्हेक्टर, लॉक आणि इनव्हॅलिडेट आणा. पेंट हाताळणी लिहा, त्यात अजून बफर नको, विंडो लुकलुकली तरी चालेल. मिनिमाइज आणि आकार बदलण्याची चाचणी घ्या. आलेख प्रत्येक वेळी परत आला तरच शैली, बफर आणि इरेजचा मेसेज यांच्याकडे वळा. सगळे एकदम बदललेत तर काही बिघडल्यावर कशाने बिघडले ते कळणार नाही.

इतके करूनही विंडो पांढरी राहिली, तर पेंटचा मोजणीचा आकडा बघा. तो शून्यच असेल तर तुमच्या विंडोप्रोसीजरपर्यंत (मेसेज हाताळणाऱ्या फंक्शनपर्यंत) मेसेज पोचत नाही, मेसेज लूप तपासा. गेटमेसेजला विंडोचे हँडल दिले असेल तर त्या जागी नल द्या. आकडा वाढतो आहे पण चित्र नाही, तर बिगिनपेंट, क्रिएटपेन आणि बिटब्लिट काय परत देतात ते एकेक करून लिहून काढा. त्यातला एखादा अपयश सांगत असेल. तरी न सुटल्यास विंडो क्लास नोंदवण्याच्या ओळी आणि पूर्ण पेंट हाताळणी मला दाखवा. बाकीचा प्रोग्राम नको, उत्तर बहुधा त्या तीस-चाळीस ओळींतच सापडेल.